हुशारीची अट कशाला?

‘द गुड डॉक्टर’ ही अमेरिकी मालिका २०२४ मध्ये संपली, पण तिचे तुकडे आजही मोबाइलवर फिरतात, आर्णीसारख्या तालुक्याच्या गावीही. मूळ मालिका २०१३ची, कोरियन. अमेरिकेत २०१७ पासून तिची सात पर्वे झाली. नायक शॉन मर्फी हा तरुण सर्जन स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. त्याला टोमणे कळत नाहीत, पण शरीररचना डोळ्यांपुढे लख्ख उभी राहते. त्याला नोकरीवर घ्यावे की नाही, यावर पहिल्याच भागात रुग्णालयाच्या संचालक मंडळात खडाजंगी होते. त्याच वेळी तो विमानतळावर एका मुलाचा जीव वाचवतो आणि त्याची जागा पक्की होते.

स्वमग्न माणूस कीव न करता नायक म्हणून दिसला, हे चांगलेच झाले. खटकतो तो सौदा. अचाट बुद्धी दाखव, मग जागा देतो! अशी बुद्धी बहुतेक स्वमग्न व्यक्तींत नसते, जशी ती इतरांतही नसते. वैद्यकीय प्रवेशाबाबत ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात अधिक शहाणी भूमिका घेतली. त्याला वाचा व भाषेचे दिव्यांगत्व होते. केवळ टक्केवारी पाहून प्रवेश नाकारता येणार नाही, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे तपासा, असे न्यायालयाने सांगितले.

पण तिथवर पोहोचणार कोण? तालुक्यातल्या मुलाची वाट कितीतरी आधी अडते. वर्षाचे झाले तरी हाक मारल्यावर वळून पाहत नाही, दीड वर्षात बोटाने काही दाखवत नाही, हवी ती वस्तू आणायला आईचा हात धरून ओढते, गाडीचे चाकच तासन् तास फिरवत बसते. घरचे म्हणतात, ‘मामाही उशिराच बोलला होता.’ यात दोन-तीन वर्षे जातात, आणि मेंदू झपाट्याने शिकतो ती नेमकी हीच वर्षे. ‘स्वमग्न’ हा शब्दही जरा फसवाच. यातल्या अनेक मुलांना सोबत हवी असते, ती मागायची कशी हे उमगत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबरोबर शेतात गेलेले मूल त्यातून सुटते. सापडले तरी पुढची तपासणी यवतमाळला, म्हणजे प्रत्येक खेपेला एक मजुरी बुडाली. वाचा उपचार एका खेपेत होत नाहीत. म्हणून आई-वडिलांना घरी करायच्या गोष्टी शिकवणे, हाच इथला खरा उपचार ठरतो. मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून बोलणे, बिस्कीट अर्धेच देऊन त्याने पुन्हा मागण्याची वाट पाहणे, त्याच्या खेळात आपण शिरणे. स्वमग्नता बरी करणारी गोळी नाही. तसे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून लांब राहावे. दिव्यांगत्वाचा दाखला ४० मुद्द्यांच्या तपासणीनंतर मिळतो. तो सवलतींसाठी लागतो, उपचार सुरू करायला नाही.

पथकाच्या दिवशी मूल राहून गेले असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहू नये. जेवताना, खेळताना, हाक मारल्यावर मूल काय करते याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून आशाताईंबरोबर ग्रामीण रुग्णालय गाठावे. दवाखान्यात बावरून रडणाऱ्या मुलापेक्षा तो व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगतो.