‘ते लोकच वेगळे!’

विलायतेहून परतलेला कोणताही मराठी गृहस्थ घ्या. त्याच्या प्रवासवर्णनाचा शेवट ठरलेला असतो: “काय सांगू, ते लोकच वेगळे!” एवढे बोलून तो सुस्कारा टाकतो, चिवड्याचा बकाणा भरतो, आणि आपण सारे माना डोलावतो. या वाक्याइतके आळशी आणि अपायकारक वाक्य मराठीत दुसरे नसेल. आळशी अशासाठी, की ते खरे की खोटे हे कोणी तपासत नाही. अपायकारक अशासाठी, की ते उच्चारले म्हणजे आपल्याला करण्यासारखे काही उरत नाही.

मी ते तपासून पाहिले आहे. वेल्समध्ये अँगलसी नावाचे बेट आहे. त्याच्या पूर्वेच्या टोकाला, समुद्राकाठी पेनमॉन हे खेडे. नातलगांबरोबर मी तेथे गेलो होतो. सहाव्या शतकात सेरिओल नावाच्या साधूने येथे मठ स्थापला, अशी परंपरा आहे. हा सेरिओल आणि बेटाच्या पश्चिमेचा साधू कबी नेमाने बेटाच्या मध्यावर भेटत. सेरिओल सकाळी पश्चिमेकडे निघे आणि सायंकाळी पूर्वेकडे परते. ऊन सदैव त्याच्या पाठीवर. म्हणून तो राहिला गोरा, आणि जाता-येता उन्हाला तोंड देणारा कबी रापला! आपल्या एखाद्या संतचरित्रात सहज शोभावी अशी ही कथा.

तेथले दगडी चर्च बाराव्या शतकातले. आत दोन उंच कोरीव क्रूस उभे आहेत, सुमारे हजार वर्षांचे. चर्चच्या मागे चार पावलांवर, कड्याच्या पायथ्याशी सेरिओलची विहीर. विहीर म्हणजे आपल्यासारखी रहाटाची नव्हे. झऱ्यावर बांधलेली लहानशी खोली, आत कुंड. वरचे विटांचे बांधकाम अठराव्या शतकातले. ना संगमरवर, ना रंग, ना देणगीदारांच्या नावांची पाटी.

आता म्हणाल, “पाहा, ते लोकच वेगळे!” थांबा. त्या दोन क्रुसांपैकी लहान क्रुसाकडे नीट पाहा. त्याचा एक हात तोडलेला आहे. तो शत्रूने तोडला नाही. मठाच्या भोजनगृहाच्या खिडकीवर आडवा दगड हवा होता. घरच्याच माणसांनी पूज्य क्रुसाचा हात छाटला आणि तो क्रूसच तेथे बसवला! मोठा क्रूस तर शतकानुशतके उघड्या रानात पावसाचा मारा खात उभा होता. त्यावरची चित्रे झिजून पुसट झाल्यावर, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कोणाला तरी सुचले आणि तो छपराखाली आला. इ. स. 971 मध्ये व्हायकिंगांनी हा मठ जाळला, हे खरे; पण क्रुसाचा हात काही त्यांनी तोडला नव्हता. सोळाव्या शतकात राजा आठवा हेन्री याने देशभरचे मठ मोडले, त्यांत हाही गेला. पुढे मठाच्या जमिनीच्या नव्या मालकांनी शेजारीच कबुतरखाना बांधला, सुमारे हजार घरट्यांचा!

तेव्हा ते लोक वेगळे नाहीत. आपल्यासारखेच गरजू, आपल्यासारखेच बेफिकीर. फरक एवढाच, की चूक उमगल्यावर त्यांनी ती थांबवली. शहाणपण रक्तातून येत नाही. ते शिकावे लागते, आणि ज्याला शिकता येते त्याला सबब सांगता येत नाही.

“पण त्यांच्याजवळ पैसा आहे!” ही दुसरी सबब. त्या विहिरीशी काय खर्च दिसतो? फारसा नाही. खर्च तर आपण करतो. काळ्या पाषाणाच्या जुन्या देवळाला ऑइलपेंट फासायला पैसे लागतात. गाभाऱ्यात न्हाणीघराच्या फरशा बसवायला पैसे लागतात. माझ्या ओळखीच्या एका गावात चांगली चिरेबंदी बारव कचऱ्याने भरली आणि मग तिच्यावर स्लॅब टाकला. त्यालाही पैसे लागलेच! त्याच गावात वीरगळाचा दगड कपडे धुण्याला लावलेला मी पाहिला आहे. पेनमॉनच्या खिडकीचा तो सख्खा भाऊ.

तिसरी सबब सर्वांत साळसूद: “आमची श्रद्धा जिवंत आहे, म्हणून आम्ही देवस्थान नवे करतो.” पण पेनमॉनच्या चर्चमध्ये आजही उपासना होते, तेथे भिंती जुन्या आहेत म्हणून प्रार्थना अडत नाही. ज्या पायरीला पणजीचा पाय लागला ती उखडून आपण गुळगुळीत फरशी बसवतो, तेव्हा श्रद्धा वाढत नाही. पणजी मात्र पुसली जाते. जीर्णोद्धार म्हणजे जीर्णाचा उद्धार. जीर्णाचा संहार करून त्याला तेच नाव देणे ही भाषेचीही फसवणूक आहे.

दिवाळीत गावी जाल, तेव्हा मुलांना घेऊन जुन्या बारवेपर्यंत एक फेरी मारा. काठावरची झुडपे काढा, प्लास्टिक उचला, वीरगळ पालथा पडला असेल तर चार माणसे लावून उभा करा. चुना, रंग, सिमेंट मात्र घरीच ठेवा. आणि पुढाऱ्यांनी देवळाला फरशी बसवण्याची वर्गणी मागितली, तर ती कशासाठी, हे चारचौघांत उभे राहून विचारा.