बागेत शोभेची, जंगलात घाणेरी: ठरवायचं कोणी?



आम्ही गौताळ्याच्या पायथ्याच्या गावांतली पोरं. बारावी झाली आणि औरंगाबादजवळ वाळूज एमआयडीसीत कंत्राटी कामाला लागलो. बजाजनगरला एका खोलीत पाच-सहा जण राहतो. इथली एक गोष्ट गावाकडं कळवायची आहे. आपण जिला घाणेरी म्हणतो, कुणी टणटणी म्हणतं, विदर्भात रायमुनिया म्हणतात, ती शहरात नर्सरीत पैसे देऊन विकत मिळते. लोक ती कुंडीत लावतात, फाटकाशी लावतात, रस्त्याच्या दुभाजकात लावतात. तिथं तिचं नाव लँटाना.

ऐकून हसू येतं, पण लावणाऱ्याचं कारण खोटं नाही. मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या वर जातो. जमीन मुरमाड, पाणी मोजून मिळतं. गुलाब करपतो, मोगरा माना टाकतो. घाणेरीची हिरवी काडी खोचली, मूळ धरेपर्यंत महिना-दीड महिना पाणी घातलं, की नंतर आठवड्याला एकदा पाणी दिलं तरी भागतं. ऊन जितकं कडक तितकं फूल जास्त. खत घालायचं नाही, घातलं तर नुसता पाला वाढतो. पावसाळ्याच्या तोंडावर छाटली की नव्या फुटव्याला पुन्हा फुलं. मोकाट जनावरं तोंड लावत नाहीत, फुलपाखरं येतात. तापलेल्या, कोरड्या बागेला आणखी काय पाहिजे?

पण हेच गुण जंगलात आपल्या मुळावर आले. पाणी लागत नाही म्हणून ती उघड्या माळावर पसरली. काडी रुजते, मूळ फुटतं, म्हणून तोडून मरत नाही. बुलबुल आणि साळुंक्या काळी फळं खातात आणि बी लांबवर टाकतात. तिच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही, झाडाचं रोप वर येत नाही. जनावर खात नाही म्हणून ती चरली जात नाही, आणि उन्हाळ्यात भुकेनं खाल्लीच तर काळीज बिघडतं, डोळे पिवळे पडतात, उन्हात कातडी सोलते. असं जनावर दिसलं तर लगेच सावलीत बांधा, घाणेरी तोंडाला लागू देऊ नका, जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. लहान पोरांनाही सांगून ठेवा की हिरवी, कच्ची फळं विषारी असतात.

आता ही आली कुठून? अमेरिका खंडातून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणली. तिथून छावण्यांच्या आणि बंगल्यांच्या कुंपणाला, तिथून रानात. 1878 च्या कायद्यानं त्याच इंग्रजांनी जंगल राखीव केलं आणि आपल्याला आपल्याच रानात चोर ठरवलं. म्हणजे घाणेरी आत आली आणि आपण बाहेर गेलो. आज भाषणात सांगतात, आदिवासींनी जंगल खराब केलं, चराईनं गवत संपलं. आमचं म्हणणं आहे, हिशोब पूर्ण मांडा. चराईचा भार असेल तर त्यावर गावात बोलू. पण ज्या माळावर गवत होतं तिथं आज माणसाच्या डोक्याएवढी घाणेरी आहे, ती आमच्या शेळीनं लावलेली नाही.

काही साथी म्हणतात, परक्या मुलखाची म्हणून तिला हाकला. हे आम्हाला पटत नाही. मका परका आहे, मिरची परकी आहे, सीताफळही तिकडचंच. ते आपण आपल्या हातानं लावलं, खाल्लं, विकलं. झाड कुठल्या देशाचं हा प्रश्न नाही. कुठल्या जागी काय वाढू द्यायचं हे कोण ठरवतो, आणि त्याचे भोग कोण भोगतो, हा प्रश्न आहे. बागवाला आपल्या कुंडीचं ठरवतो. मग आपल्या रानाचं आपण का ठरवायचं नाही?

कायदा हेच सांगतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात, कलम 3 प्रमाणे, परंपरेनं वापरलेल्या सामूहिक वनाचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करायचा हक्क गावाचा आहे. कलम 5 ग्रामसभेला जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकार देतं. आपला भाग पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून इथं ग्रामसभेला काही अधिकार नाही, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही आहे आणि अभयारण्यातही आहे. 2012 च्या दुरुस्त नियमांनी तर ग्रामसभेच्या समितीवर जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचं काम सोपवलं आहे.

हे नुसतं कागदावर नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूरच्या पाचगावनं 2012 ला हक्क मिळवून स्वतः बांबू विकला, आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असं स्वतःच ठरवलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लागतात. येणारा पैसा त्यांनी सोडला, कोणी सक्ती केली नव्हती. कर्नाटकात बिळिगिरी डोंगरातल्या सोलिगा भावांना 2011 ला व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात हक्क मिळाले. तिथले म्हातारे सांगतात, आम्ही लावायचो तो हलका वणवा बंद केला आणि घाणेरी माजली. मात्र आज माजलेली घाणेरी आपण पेटवून जाणार नाही, ती मुळातून पुन्हा फुटते.

मग काढायची कशी? वरून कोयत्यानं छाटू नका, एकाचे चार फुटवे येतात. जेसीबीनं रान उकरलं तर माती उघडी पडते आणि पुन्हा तीच उगवते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी सांगितलेली रीत सोपी आहे. जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर मुख्य मूळ कुदळीनं तोडायचं, झुडूप उचलून मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे ते वाळतं. हे काम फळ पिकायच्या आधी करायचं. पावसात माती मऊ असते. उघड्या जागी लगेच मारवेल, पवना असं गवत पेरायचं, आवळा, बेहडा लावायचा. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात उगवलेली रोपं हातानं उपटायची. एका वर्षात सोडून दिलं तर सगळी मेहनत वाया. वाळलेल्या काड्या सरपणाला, कुडाला होतात. सोलिगा तर त्यांच्या खुर्च्या बनवतात.

एकट्यानं मात्र कुदळ घेऊन जाऊ नका. एकटा दिसला की गुन्हा मागे लागतो, ग्रामसभेचा ठराव हातात असला की गाव बोलतं. म्हणून आधी ठराव. सामूहिक दावा भरला नसेल तर भरा, मिळाला असेल तर आराखड्यात घाणेरी काढायचं काम लिहा. हे काम रोजगार हमीतून मागा, म्हणजे मजुरी गावात राहील, ठेकेदाराकडे जाणार नाही. आणि एक अट ठणकावून लिहा: मोकळी झालेली जमीन चराईला आणि गावाच्या झाडांना राहील. घाणेरी काढायच्या नावानं तारेचं कुंपण आणि सागाचं रोपवन आलं, तर आपण एक जाळी काढून दुसरी लावून घेतली असं होईल.

बजाजनगरच्या साथींनाही सांगणं आहे. खोलीमालकाला कुंपणाला काही लावायचं असेल तर अडुळसा, कोरांटी सुचवा, ती पण उन्हात टिकतात. घाणेरी असेलच तर फळ धरायच्या आत छाटा. आणि सणाला गावी जाताना सुंदर दिसते म्हणून तिची काडी पिशवीत घालून नेऊ नका.

कंपनीतली नोकरी कंत्राटाची आहे, कधी संपेल सांगता येत नाही. परत जाऊ तेव्हा रानात गवत पाहिजे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. रजा काढून आम्हीही येतो.

जंगल गावाचं, निर्णय ग्रामसभेचा! जिंदाबाद!