फाटकातून परत फिरू नका

आमच्या तळेगाव दाभाडेच्या बचत गटातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीचे वडील वारले. अंत्यविधीची प्रार्थना चर्चमध्ये होती. मी फाटकापर्यंत गेले आणि ‘आपल्याला तिथलं काय कळतंय’ म्हणून परत फिरले. माझ्या हळदीकुंकवाला न चुकता येणारी ती. तिच्या दुःखात मात्र मी बाहेरच राहिले. ते आजही सलतं.

पुढच्या नाताळला तिच्यासोबत गेलेच. साधी साडी पुरते, कपाळावर कुंकू असलं तरी चालतं. चपला काढायच्या का, ते दारात बघून ठरवावं. मागच्या बाकावर बसावं, सगळे उठले की उठावं. प्रभुभोजनाची भाकर म्हणजे आपला प्रसाद नव्हे. ती सहसा बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असते. तेव्हा जागेवरच बसून राहावं. आणि गाणी? चक्क मराठी भजनं! १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं मराठी चर्चमध्ये आजही गातात.

रीत चुकली तर कुणी मनावर घेत नाही. आपण आलोच नाही, हे मात्र मैत्रिणीच्या लक्षात राहतं.