उपास राहिला तरी गाणे राहू नये

दौंडहून एक मावशी बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे तपासायला येतात. यजमान रेल्वेत होते, ते आता नाहीत. मुलगा नोकरीनिमित्त दूर. मावशींना पंधरा वर्षांचा मधुमेह, दोन वेळचे इन्सुलिन चालू. लेंटचे दिवस जवळ आले की त्यांचा प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, यंदा उपास धरू का?" मागे एकदा मी स्पष्टच सांगितले, "मावशी, नको. तुमची साखर एकदम उतरते." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा साखर ठीक होती, चेहरा मात्र उतरलेला. सहज विचारले, तर म्हणाल्या, "चर्चला जाणं सोडलंय. सगळे उपाशीपोटी प्रार्थनेला बसणार आणि मी घरून भाकरी खाऊन जाणार. बरं दिसतं का ते?"

माझा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता आणि तरीही अपुरा होता. उपास नको म्हणताना, प्रार्थनेला मात्र जा, असे मी म्हटलेच नाही. त्यामुळे साखर सांभाळली गेली आणि आठवड्यातून तीन-चार वेळा भेटणारी माणसे सुटली. डॉक्टर, पाळक आणि घरचे असे आपण सगळेच ही चूक करतो. म्हणून आज हा विषय.

ज्यांना लेंट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतचे, रविवार वगळून ४० दिवस म्हणजे लेंट. या काळात आपल्याकडची अनेक ख्रिस्ती घरे मटण-मासे बंद करतात, कोणी एक वेळ जेवतो, कोणी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काही घेत नाही. एकादशीला जशी काय चालते आणि काय चालत नाही याची यादी असते, तशी इथे नसते. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात हे दिवस उपासाचे म्हणून नोंदवलेले आहेत, पण किती खावे आणि कधी खावे हे सांगितलेले नाही. रोमन कॅथलिक चर्चच्या नियमात तर एकवेळच्या जेवणाचे बंधन वयाची साठी लागली की उरत नाही. म्हणजे आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाने उपाशी राहिलेच पाहिजे, असा आग्रह कोणत्याच बाजूने नाही. तो आग्रह आपला आपणच धरतो, किंवा शेजारच्या बाकावरच्या नजरेचा धाक धरतो.

उपासाबरोबर या दिवसांत आणखी बरेच काही चालते. संध्याकाळी आज या घरी, उद्या त्या घरी प्रार्थना होते. पेटी, तबला आणि टाळ घेऊन ख्रिस्ताच्या दुःखसहनाची गीते गायली जातात. झावळ्यांचा रविवार येतो. गुड फ्रायडेला, म्हणजे उत्तम शुक्रवारी, दुपारी १२ ते ३ उपासना होते आणि तीत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन होते. मग ईस्टरची पहाट.

आपल्या भागातल्या या उपासनेला दोन ओढ्यांचे पाणी मिळाले आहे. पेशवाईच्या अखेरीस शिरूरला घोडनदीकाठी कंपनी सरकारच्या फौजेची छावणी होती. पुढे दौंड हे रेल्वेचे जंक्शन झाले, १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. छावणी आणि रेल्वे जिथे गेली तिथे अँग्लिकन प्रार्थनापुस्तक आणि त्यातले पंचांगही गेले. दुसरा ओढा नगरकडचा. अमेरिकन मराठी मिशनने शिरूरलाही काम उभे केले. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे, त्या परंपरेत लेंटला फारसे महत्त्व नव्हते. पण याच मिशनच्या नगरमधल्या वर्तुळातून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची शेकडो गीते आली आणि ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन आणि कीर्तनाचा मराठी सूर लागला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि अँग्लिकन व काँग्रिगेशनल या दोन्ही परंपरा एका छताखाली आल्या. तारखा एकीकडून आल्या, गाणे दुसरीकडून. आरोग्याच्या दृष्टीने मला यातला गाण्याचा वाटा मोठा वाटतो.

आधी उपासाचे बघू. भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीत मांडला गेला. इन्सुलिन घेणाऱ्यांची, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर न जेवल्यास ७० च्या खाली जाऊ शकते. हातापायांना कंप सुटतो, घाम फुटतो, छातीत धडधडते, बोलणे अडखळते. म्हाताऱ्या माणसात ही लक्षणे कधी दिसतच नाहीत, थेट चक्कर येऊन पडल्यावर कळते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या लघवीवाटे साखर आणि तिच्याबरोबर पाणीही बाहेर काढतात. त्या घेऊन दिवसभर उपाशी-तहानलेले राहिले तर शरीरातले पाणी कमी होते, रक्तात कीटोन वाढू शकतात. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, क्षयाचे चालू उपचार, यांतले काहीही असेल तर उपास टाळावा. करायचाच असेल तर किमान दोन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. "आज उपास आहे म्हणून गोळी नको" किंवा "जेवले नाही तरी इन्सुलिन घेतलेच" हे दोन्ही निर्णय स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. साखर उतरल्यासारखी वाटली तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग खाऊन घ्यावे. त्या दिवशीचा उपास तिथेच संपला असे समजावे.

आता गाण्याकडे वळू. आपण एरवी मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो. गाताना ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो, म्हणून श्वास आपोआप लांब आणि संथ होतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. सगळे एकच ओळ एकदम गातात तेव्हा श्वासाबरोबर त्यांच्या हृदयांची ही चढ-उतारही जुळू लागते. २०१३ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये अठरा वर्षांच्या काही मुलामुलींवर केलेल्या छोट्या प्रयोगात हे मोजून पाहिले गेले, आणि त्यांना गायला दिलेल्या गोष्टींत एक ख्रिस्ती भक्तिगीतही होते. त्याआधी २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींकडून जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाबावर नियंत्रण ठेवणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली काम करताना दिसली. प्रार्थना कोणत्या धर्माची, याने फरक पडला नाही. आपल्या गावातला हरिपाठ आणि चर्चमधले भजन शरीराला जवळजवळ सारखेच वाटत असणार.

म्हणून भजन म्हटले की रक्तदाबाची गोळी बंद, असे कोणी समजू नये. हे प्रयोग छोटे आहेत आणि त्यांत मोजलेला बदल त्या वेळेपुरता आहे. मोठ्या अभ्यासांनी काय दाखवले तेही नीट पाहू. इंग्लंडच्या पूर्व केंट भागात साठीच्या पुढच्या २५८ लोकांवर झालेल्या चाचणीत, सुमारे तीन महिने दर आठवड्याला एकत्र गाणाऱ्यांची चिंता आणि उदासी न गाणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या १२ ज्येष्ठ नागरिक केंद्रांत ३९० जणांवर अभ्यास झाला. तिथे गाणाऱ्यांचा एकाकीपणा कमी झाला, जगण्यातला रस वाढला, पण स्मरणशक्तीत किंवा शरीराच्या ताकदीत लक्षणीय फरक पडला नाही. गाण्याचा उपयोग नेमका कुठे होतो हे या दोन अभ्यासांवरून स्पष्ट होते. गुडघे तसेच राहतात, घरातला एकटेपणा मात्र हलका होतो.

आणि एकटेपणा ही किरकोळ तक्रार नव्हे. २०१० मध्ये १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट होते त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहांतली एक व्यक्ती एकाकीपणा अनुभवते, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला जातो. दौंड-शिरूरसारख्या गावांत मुले पुण्या-मुंबईला गेली आहेत, मागे एकटे म्हातारे घर उरले आहे. अशा घराच्या दारात लेंटमध्ये वीस माणसे पेटी घेऊन येतात, गातात, चहा घेतात आणि "मावशी, गुडघा कसा आहे?" असे विचारतात. हे काम करणारी गोळी माझ्याकडे नाही.

इथेच मला मंडळ्यांशी थोडे भांडायचे आहे. अलीकडे अनेक ठिकाणी गाणे स्टेजवर गेले आहे. कीबोर्ड, ड्रम, मोठे स्पीकर, चार तरुण माइकवर आणि बाकी सगळे श्रोते. तरुणांचा उत्साह हवाच, पण वर सांगितलेला फायदा गाणाऱ्याला होतो, ऐकून तो तेवढा मिळत नाही. भजनाची जुनी रीत शहाणपणाची आहे. एकाने ओळ म्हणायची, सर्वांनी ती उचलायची. वाचता न येणारे, चष्मा घरी विसरलेले, नव्यानेच आलेले, सगळे त्यात सामील होतात. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गायनाचे, लेखनाचे आणि हस्तकलेचे वर्ग सात महिने तपासले. शेवटी तिन्ही वर्गांत ओळखी सारख्याच घट्ट झाल्या, पण गाणाऱ्यांची मने सर्वांत आधी जुळली. म्हणून लेंटमध्ये तरी स्पीकरचा आवाज कमी करावा, जुनी भजने काढावीत. वयाबरोबर आवाज उतरतो, त्यामुळे पेटीवाल्याने पट्टी एक-दोन सुरांनी खाली घ्यावी. आजीचा आवाज पोहोचत नसेल तर दोष आजीचा नाही.

दुसरी काळजी हवेची. १० मार्च २०२० रोजी, लेंटमध्येच, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायकवृंदाची अडीच तास तालीम झाली. हजर ६१ जणांत एकाला सर्दी-खोकल्यासारखी लक्षणे होती. त्यानंतर निश्चित आणि संभाव्य मिळून ५३ जणांना करोना झाल्याचे आढळले आणि दोघे दगावले. मोठ्याने गाताना तोंडातून सूक्ष्म थेंब जास्त बाहेर पडतात, क्षयालाही हेच लागू आहे. म्हणून घरच्या प्रार्थनेला खिडक्या-दारे उघडी ठेवावीत, शक्य तर अंगणातच बसावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल त्याने सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा आणि निदान होईपर्यंत मास्क लावून मागे बसावे. त्याला घरी मात्र कोणीतरी भेटत राहावे.

तिसरी काळजी उन्हाची. गुड फ्रायडे २० मार्च ते २३ एप्रिलच्या दरम्यान येतो. भीमा-घोडच्या पट्ट्यात तेव्हा दुपारी बारा ते तीन म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. त्या तीन तासांत चर्चमध्ये पाण्याचा माठ समोर दिसेल असा ठेवावा, आणि पाळकांनी सुरुवातीलाच सांगावे की पाणी पिणाऱ्याने संकोचू नये, मध्येच उठणाऱ्याकडे कोणी पाहू नये. ते दोन वाक्ये बोलले तर ऐंशी वर्षांची बाई निर्धास्त बसेल. ते मी दवाखान्यात शंभर वेळा सांगून होत नाही.

कोणी म्हणेल, डॉक्टर, तुम्ही उपासनेचे औषध करून टाकलेत. तसे नाही. लोक रक्तदाबासाठी चर्चमध्ये जात नाहीत, जाऊही नये. ते श्रद्धेने जातात आणि तिथे माझा अधिकार संपतो. मी फक्त एवढेच सांगतो की माणूस प्रार्थनेला जातो तेव्हा त्याची साखर, त्याचे गुडघे आणि त्याचे रिकामे घरही त्याच्याबरोबर असते. सुवार्तेतही उपास करणाऱ्याने तो लोकांना दाखवू नये असेच सांगितले आहे. मग न करणाऱ्याचा तरी हिशेब आपण का ठेवावा?

मावशींना मी पुढच्या खेपेला वेगळा कागद लिहून दिला. वर इन्सुलिनची मात्रा आणि जेवणाच्या वेळा, आणि खाली, "उपास नाही. घरच्या प्रार्थना आणि शुक्रवारची उपासना चुकवायची नाही. पर्समध्ये साखरेची पुडी." त्यांनी तो पाळकांनाच दाखवला. पाळकांनी दोन घरच्या प्रार्थना मावशींच्या घरी ठेवल्या, तेव्हा आपल्यासारखे आणखी पाच-सहा जण उपासाविना आहेत हे त्यांना कळले. मंडळीच्या वहीत आता एक नवा रकाना आहे, सलग दोन प्रार्थनांना न आलेल्यांच्या नावांचा. तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन येते.