टेम्पोत गाडी चढवताय? आधी फळी बघा

महिनाअखेर आली की बंगळुरूच्या गल्ल्यांत घरसामानाचे टेम्पो दिसू लागतात. कपाट, गाद्या, शेगडी सगळं चढतं आणि शेवटी उरते बाइक. तोवर माणसं दमलेली असतात, आणि नेमकं तेव्हाच हे धूड वर न्यायचं असतं. क्लासिक ३५० बुलेट १९५ किलोंची. साधी स्प्लेंडरही ११२ किलोंच्या आसपास. ती फळीवरून घसरली तर मागून ढकलणाऱ्याच्या अंगावरच येते.

म्हणून आधी फळी बघा. हौदा अडीच फूट उंच असेल तर फळी साडेसात-आठ फुटांची हवी. तिचं वरचं टोक हौद्याला दोरीने बांधा. नुसती टेकवलेली फळी चाक वर पोचता पोचताच मागे सरकते. बहुतेक अपघात इथेच होतात. टेम्पोला हँडब्रेक लावा, चाकांखाली दगड ठेवा. गाडीवर बसून, इंजिन चालू करून चढवणं साफ चूक. रिसॉर्टमधल्या चारचाकी एटीव्हीही अशाच चढवताना पुढून उचलल्या जाऊन चालवणाऱ्यावर उलटतात. तिघं लागतात: एक हँडलला, दोघं मागे बाजूंना, फळीच्या सरळ रेषेत कुणीच नको. मुलांना तर घरातच ठेवा. हमाल कानडी असतील तर ‘निधान’ म्हणजे सावकाश आणि ‘निल्सी’ म्हणजे थांबवा, एवढं पुरतं.

वर गेल्यावर पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवा, गिअर टाका. पट्टे हँडलखालच्या लोखंडी भागाला, दोन्ही बाजूंनी पुढे ओढून बांधा, पुढचं शॉकअप थोडं दबेल इतपत. आरसा किंवा प्लॅस्टिकला बांधलेला पट्टा पहिल्या गतिरोधकालाच सुटतो. मागचं चाकही बांधाच.

रेल्वेने पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रतीही.

पुण्याकडे निघालात तर नेलमंगलाला टेम्पो थांबवून पट्टे पुन्हा आवळा. सुरुवातीच्या हादऱ्यांतच ते सैल पडतात. मग चित्रदुर्गला, चहाच्या निमित्ताने.

उतरवताना गाडी मागच्या चाकाने खाली येते. त्या वेळी पुढच्या चाकावर भार नसतो, त्यामुळे पुढचा ब्रेक दाबूनही ती घसरते. इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका आणि क्लच जरा जरा सोडत आणा. स्कूटर असेल तर डाव्या हाताचा मागचा ब्रेक.