दोऱ्याला हसण्याआधी खाटेसाठी भांडा

परळच्या एका रुग्णालयाबाहेरच्या फूटपाथवर आमच्या गटातल्या एका तरुण कार्यकर्त्याने एका आईला बुद्धिवाद शिकवायला घेतला. बाई बीड जिल्ह्यातली, ऊसतोड करणारी. मुलगा सहा वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर. त्याच्या मनगटावर काळा दोरा, गळ्यात दर्ग्यातला ताईत आणि आईच्या पिशवीत रिपोर्टच्या फायलीबरोबर बाबासाहेबांचा फोटो. आमचा कार्यकर्ता म्हणाला, "ताई, आपण बौद्ध ना? मग हा दोरा कशाला? काढून टाका." बाई शांतपणे म्हणाली, "काढते दादा. आधी लेकराला खाट मिळवून द्या."

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. म्हणून हा लेख त्या बाईसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, मी दोऱ्याचं समर्थन करत नाही. दोऱ्याने रक्ताचा कॅन्सर बरा होत नाही, औषधाने होतो. लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात आणि जिथे ते पूर्ण होतात त्या श्रीमंत देशांत दहापैकी आठाहून अधिक मुलं बरी होतात. आपल्याकडे मुलं दगावण्याचं एक मोठं कारण म्हणजे उपचार अर्ध्यावर सुटणं. गाडीभाडं संपतं, मुंबईत राहायला जागा नसते, बापाची मजुरी बुडते, गावी दुसरं लेकरू आजारी पडतं. म्हणजे त्या आईची आशा वेडी नाही. तिच्या आशेला विज्ञानाचा आधार आहे. नाही तो व्यवस्थेचा. आणि जिथे व्यवस्था हात सोडते तिथे माणूस दोरा धरतो.

आपल्यातले काही जण व्हॉट्सॲपवर अशा आयांचे फोटो टाकून हसतात. २२ प्रतिज्ञांचा हवाला देतात. मित्रांनो, प्रतिज्ञा मी स्वतःसाठी घेतो. दुसऱ्याच्या दुःखावर उगारायची ती काठी नव्हे.

ज्या परळमध्ये आपण हे शहाणपण शिकवतो, त्याच परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आणि रमाई वर्षानुवर्षं राहिले. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरं त्यांनी गमावली. राजरत्न गेला १९२६ च्या जुलैत. त्याच वर्षी परळमध्ये केईएम सुरू झालं होतं. लहान मुलांचं वाडिया रुग्णालय यायला अजून तीन वर्षं होती. कफनाला पैसे नव्हते म्हणून रमाईंनी लुगडं फाडून दिलं, ही गोष्ट आपण दर जयंतीला सांगतो आणि रडतो. पण त्याच रमाई उपासतापास करत होत्या, पंढरपूरला जायची त्यांची इच्छा होती, हे चरित्रांत नोंदलेलं आहे. बाबासाहेब त्यांना हसले का? जे पंढरपूर तेव्हा आपल्याला देवळाबाहेर उभं करत होतं तिथे त्यांना नेण्याचं त्यांनी नाकारलं, आणि दुसरं पंढरपूर उभं करायचा शब्द दिला. नकार होता, पण त्यासोबत जबाबदारीही होती. आपण नकार तेवढा उचलला, जबाबदारी चाळीतच ठेवून आलो.

इथे कोणीतरी किसा गोतमीची गोष्ट काढतोच. मेलेलं लेकरू कवेत घेऊन औषध मागत फिरणारी आई. ज्या घरात कोणी मेलं नाही तिथून मोहरी आण, असं बुद्ध तिला सांगतात. दारोदार फिरून तिला कळतं की मृत्यू सगळ्यांच्याच घरी आहे. बुद्धांनी तिला वेडी म्हटलं नाही, तिला तिच्या पायांनी सत्यापर्यंत चालू दिलं. पण एक फरक विसरू नका. गोतमीचं लेकरू गेलेलं होतं. परळच्या फूटपाथवरचं लेकरू जिवंत आहे, त्याच्यावर उपचार आहेत. त्याच्या आईला अनित्यतेचं प्रवचन देणं हा धम्म नव्हे, तो पळपुटेपणा आहे.

मग लढायचं कोणाशी? पहिला शत्रू आशेचा धंदा करणारा. "केमो बंद करा, माझं औषध द्या" म्हणणारा बाबा मुलाचा जीव घेतो, तिथे गय नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा अशा भोंदूंसाठी आहे. त्या कायद्याचा रोखही फसवणाऱ्यावर आहे, फसलेल्या आईवर नाही. एवढं तारतम्य कायद्याला कळतं, तर आपल्याला का कळू नये?

दुसरा शत्रू मोठा आहे. जानेवारी २०२० आठवा. अनुदान थकलं म्हणून परळचं वाडिया रुग्णालय बंद पडायच्या बेतात होतं, आयाबाया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याच आठवड्यात, १५ जानेवारीला, मंत्रिमंडळाने इंदू मिलमधल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याची उंची १०० फुटांनी वाढवली. स्मारकाचा खर्च सुमारे ११०० कोटींवर गेला. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाने सरकारला फटकारलं. पुतळ्यासाठी पैसा आहे, पण बाबासाहेब आयुष्यभर ज्यांच्या बाजूने उभे राहिले त्यांनी मरायचं का, असा त्या बोलण्याचा आशय होता. पुतळ्याचा निधी वाडियाला द्या, असं प्रकाश आंबेडकरही म्हणाले होते. आपल्यातले किती जण त्या मागणीमागे उभे राहिले? स्वतःच्या चार लेकरांना मूठमाती देणारा बाप पुतळ्याची उंची मागेल की मुलांची खाट, हे सांगायला समाजशास्त्राची एमए लागत नाही.

गाडगेबाबांनी कीर्तनातून नवसावर आणि बळीवर झोड उठवली, पण ते तिथेच थांबले नाहीत, त्यांनी धर्मशाळा बांधल्या. आजही दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. प्रबोधन असं करायचं असतं. आधी डोक्यावर छप्पर, मग डोक्यात विचार.

आपल्याला काय करता येईल? धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्या मागायला सोबत जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन आईबरोबर उभे राहा. ६ डिसेंबर आणि १४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिरं घेतो, चांगलंच आहे. पण प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस टिकतात आणि या मुलांना त्या वर्षभर लागतात. प्रत्येक विहारात प्लेटलेट्स देणाऱ्यांची यादी हवी, फोन आला की निघणाऱ्यांची.

त्या मुलाला चौथ्या दिवशी खाट मिळाली. त्यासाठी तीन खिडक्या आणि दोन कार्यालयं फिरावी लागली. फिरला तो आमचा तोच तरुण कार्यकर्ता. मुलाच्या मनगटावरचा दोरा अजून आहे. पण आई केमोची एकही तारीख चुकवत नाही, आणि कुणी बाबाचं औषध सुचवलं तर आधी आमच्या कार्यकर्त्याला फोन करून विचारते.

दोऱ्यापेक्षा भरवशाचा माणूस तिला मिळाला. आपलं काम एवढंच आहे, आणि ते फार मोठं आहे.

जय भीम!