दोष पृष्ठभागाचा, हिशेब आयुष्याचा

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. यंत्रे अमेरिकेची होती, इंधनही अमेरिकेचेच. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्या इंधनात अडथळे आले आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडे वळावे लागले. वीजसाधनाची खरी किंमत खरेदीच्या दिवशी कळत नाही, पुढील वर्षांत कळते. पेरोव्स्काइट सौरघटांविषयीच्या सध्याच्या उत्साहाकडेही त्याच दृष्टीने पाहावयास हवे.

पेरोव्स्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव. त्याच्यासारखी स्फटिकरचना असलेल्या, बहुधा शिसे व आयोडीन यांच्या संयुगापासून हे घट बनतात. २००९ साली जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने केलेल्या घटाची कार्यक्षमता चार टक्क्यांच्याही आत होती. आज प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांपुढे गेली आहे. एवढी मजल मारण्यास सिलिकॉनला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. पवईच्या आयआयटीत दिनेश काबरा यांच्या गटाने सिलिकॉनच्या घटावर पेरोव्स्काइटचा घट चढवून जोडघटही सिद्ध केले आहेत.

मग अडते कोठे? स्फटिकाच्या पृष्ठभागी. द्रावणातून झटपट तयार होणाऱ्या या पातळ थराच्या वरच्या बाजूस व कणांच्या सीमांवर अणूंची शिस्त मोडते. कोठे आयोडीनची जागा रिकामी राहते, कोठे शिशाचा बंध अपुरा. सूर्यप्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन या खाचांत अडकतो, त्याची ऊर्जा उष्णतेत वाया जाते आणि घटाचा विद्युतदाब उतरतो. एवढ्यावर भागते तर गोष्ट निराळी होती. याच खाचांतून दमट हवा आत शिरते आणि घटाचा ऱ्हास सुरू होतो. सेंद्रिय अमोनियम क्षारांचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप देऊन खाचा बुजविण्याचे जे प्रयत्न जगभर चालू आहेत, त्यांचे महत्त्व म्हणूनच दुहेरी आहे.

बातम्यांत मात्र टक्केवारीच गाजते. समजा, नव्या पत्र्याने सिलिकॉनच्या सव्वापट वीज दिली, परंतु तो पाचच वर्षे टिकला. सिलिकॉनला पंचवीस वर्षांची हमी देण्याची प्रथा आहे. म्हणजे एकूण वीज सिलिकॉनच्या चौथाईच भरली! पत्रा स्वस्त असला तरी चौकट, मजुरी आणि जागा यांचा खर्च दर खेपेस नव्याने येणारच.

टिकाऊपणाची प्रचलित कसोटी ८५ अंश उष्णता आणि ८५ टक्के आर्द्रता यांत १,००० तासांची आहे. ती आवश्यक आहे, पुरेशी नव्हे. पालघरच्या किनाऱ्यावर चार महिने पाऊस, खारा वारा आणि बोईसरच्या कारखान्यांची हवा एकत्र येतात. येथे तगलेला लेप कोकणात कोठेही तगेल, असे मानण्यास आधार मिळेल. अशा क्षारांसारखी रसायने घडविण्याचे कसब तारापूरच्या औद्योगिक वसाहतीस परके नाही, हेही ध्यानात घ्यावे.

शिशाचा प्रश्न उरतो. चौरस मीटरमागे ते ग्रॅमभरही नसते, पण त्याचा हा क्षार पाण्यात विरघळतो. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी येथील मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले, ही गोष्ट जुनी झालेली नाही. तेव्हा सार्वजनिक पैशाने असे पत्रे घेतले जाणार असतील, तर किमान दोन पावसाळ्यांची उघड्यावरील चाचणी, तिचे जाहीर आकडे आणि फुटलेला पत्रा परत नेण्याची उत्पादकावर जबाबदारी, या अटी निविदेतच असल्या पाहिजेत.